कॉकपिटमध्ये पाणी भरल्यावर कयाक किती स्थिर राहते: तपासणीचे आणि सुधारणेचे टप्पे

कयाक विकत घेताना बहुतेक जण ती कोरडी असताना एकदा आत बसून पाहतात, डावीकडे-उजवीकडे थोडे डोलून पाहतात आणि ‘चांगली स्थिर आहे’ असा निर्वाळा देतात. पानशेत, मुळशी किंवा पवनेच्या जलाशयात वारा वाढून एखादी लाट कॉकपिटच्या, म्हणजे कयाकमधील बसण्याच्या खोलगट जागेच्या, काठावरून आत आली की हा निर्वाळा निरुपयोगी ठरतो, कारण त्या क्षणापासून कयाकचे वजन, ती पाण्यात किती खोल बसते आणि तिचा तोल हे सर्व बदललेले असते. कोरडी असताना सर्वांत निर्धास्त वाटणारी रुंद, सपाट तळाची कयाक पाणी भरल्यावर अनेकदा सर्वांत आधी उलटते. म्हणून कयाकची पारख करताना पहिला प्रश्न ‘ती किती स्थिर आहे’ हा नसावा. ‘ती किती पाणी आत घेते आणि ते पाणी आत किती मोकळेपणाने सरकू शकते’ हा असावा.

या तपासणीत टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. अनेक जण थेट खोल पाण्यात जाऊन कयाक मुद्दाम उलटवतात, आणि आतल्या भिंती गळक्या आहेत हे त्यांना तिथे कळते. तसे होऊ नये म्हणून आधी जमिनीवरची, मग उथळ पाण्यातली आणि शेवटी खोल पाण्यातली तपासणी करावी.

## आधी समजून घ्या: मोकळे पाणी तोल कसा बिघडवते

परातीत पाणी घेऊन चालताना परात किंचित कलली तरी सगळे पाणी खालच्या बाजूला धावते आणि परात आणखी कलते. कॉकपिटमध्ये नेमके हेच घडते. कयाक डावीकडे कलली की आतले पाणी डावीकडे जाते, आणि तिला सरळ करू पाहणाऱ्या तरंगबळाच्या विरुद्ध त्याचे वजन काम करू लागते.

याचे गणित सोपे आहे. होडीची सुरुवातीची स्थिरता मेटासेंट्रिक उंचीने मोजतात; ही उंची जितकी जास्त, तितकी किंचित कललेली होडी जोराने सरळ होते. आयताकृती जागेतील मोकळ्या पाण्यामुळे या उंचीत किती घट होते हे काढण्यासाठी त्या जागेची लांबी आणि रुंदीचा घन यांचा गुणाकार करावा, त्याला 12 ने भागावे, आणि आलेल्या संख्येला होडीने बाजूला सारलेल्या एकूण पाण्याच्या घनफळाने भागावे. समजा दोन बल्कहेडच्या, म्हणजे कयाकच्या आत रुंदीभर आडव्या बसवलेल्या दोन उभ्या भिंतींच्या, मधली जागा 1 मीटर लांब आणि 50 सेंटीमीटर रुंद आहे, आणि माणूस, कयाक व आतले पाणी मिळून वजन 180 किलो आहे. मग घट सुमारे 5.8 सेंटीमीटर येते. बसलेल्या माणसाच्या शरीराने यातील काही जागा व्यापली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून थोडी कमी असेल. तरीही माणूस बसलेल्या अरुंद कयाकची मेटासेंट्रिक उंची मुळात काही सेंटीमीटरच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

या सूत्रावरून रचनेविषयी तीन गोष्टी थेट निघतात. पाणी मोकळे असलेल्या जागेची रुंदी 50 वरून 40 सेंटीमीटरवर आणली तर परिणाम जवळपास निम्मा होतो. त्या जागेच्या मधोमध उभा, लांबीच्या दिशेने जाणारा पडदा घातला तर परिणाम एक चतुर्थांश उरतो. आणि बल्कहेड मुळीच नसतील, पाणी 3 मीटर लांबीत पसरले असेल आणि एकूण वजन 300 किलोपर्यंत गेले असेल, तर घट 10 सेंटीमीटरच्या पुढे जाते. अशी कयाक सरळ उभी राहण्याची शक्यता फारच कमी असते, मग वल्हवणारा कितीही कुशल असो.

‘पाणी भरले की होडी जड होते आणि जड होडी कमी हलते’ हा समज आपल्याकडे बराच पसरलेला आहे. तळाशी घट्ट बांधलेल्या वजनाबाबत तो खरा आहे. सरकणाऱ्या पाण्याबाबत तो धोकादायक आहे. टप्पा 5 मध्ये हा फरक स्वतः मोजून पाहता येतो, आणि माझ्या मते संपूर्ण तपासणीतला सर्वांत बोलका भाग तोच आहे.

## तयारी

पुढील साहित्य एकत्र करावे: 10 लिटरच्या खुणा असलेली बादली, मोजपट्टी, टॉर्च, खडूची पूड, घट्ट झाकणाचे 5 लिटरचे चार कॅन, ते बांधण्यासाठी पट्टे, सामान तोलण्याचा हुक असलेला काटा, कोन मोजणारे ॲप असलेला मोबाइल आणि तो ठेवण्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी, हातपंप, स्पंज आणि एक वही. प्रत्येकासाठी अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट हवे. सोबत किमान दोन मदतनीस हवेत आणि दोघांनाही पोहता आले पाहिजे.

जागेची निवड घाईने करू नये. पुण्याच्या आसपासचे जलाशय वेगवेगळ्या यंत्रणांच्या ताब्यात आहेत. पानशेत, वरसगाव आणि खडकवासला जलसंपदा विभागाकडे आहेत, तर मुळशी टाटा पॉवरकडे आहे. खडकवासल्याच्या काठाचा मोठा भाग राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परिसरात येतो, तिकडे जाऊच नये. इतर ठिकाणी परवानगी विचारून, शक्यतो आधीपासून जलक्रीडा चालणाऱ्या केंद्राच्या ताब्यातील काठ वापरावा. मुळा-मुठेच्या शहरातील पात्रात ही तपासणी करू नये. त्यात वारंवार पाण्यात पडावे लागते आणि ते पाणी तोंडात जाण्याजोगे नाही.

सावधान: धरणातून आवर्तन सुटले की जलाशयाची पातळी खाली जाते आणि उन्हाळ्यात काठावर गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, आत पाय गुडघ्यापर्यंत रुततात. पाण्याने भरलेली कयाक धरून उभे राहायचे असल्यामुळे मदतनीसांच्या पायाखाली मुरूम किंवा खडक आहे, हे काठीने चाचपून पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये.

## टप्पा 1: जमिनीवर कयाकची रचना वाचून घ्या

कयाक समतल जागेवर ठेवून आतून आणि बाहेरून पाहावी आणि पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात.

बल्कहेड किती आणि कुठे आहेत, हे सर्वांत आधी. एक पायांच्या टेकूच्या लगेच पुढे आणि एक आसनाच्या लगेच मागे, ही चांगली मांडणी आहे. मागची भिंत आसनापासून लांब असेल तर मधल्या पोकळीत पाणी साचते आणि कयाक पालथी धरून पुढचे टोक उचलले तरी ते तिथेच अडून राहते. हौशी वापराच्या अनेक स्वस्त कयाकमध्ये फक्त मागे एक बल्कहेड असतो. अशी कयाक भरली की मागचे टोक तरंगते, पुढचे बुडते आणि ती जवळजवळ उभी राहते. मग ना तिच्यात चढता येते, ना ती रिकामी करता येते.

त्यानंतर कॉकपिटचे तोंड. लहान, गोलसर तोंडाची कयाक उलटली तरी तुलनेने कमी पाणी घेते, मात्र तिच्यात पुन्हा शिरणे अवघड जाते. लांबट तोंडातून शिरणे सोपे असते, पण लाट आत येण्याची वाटही तेवढीच मोठी होते आणि तिथे स्प्रे स्कर्टवाचून, म्हणजे कमरेभोवती घालून कॉकपिटचे तोंड झाकणाऱ्या आवरणावाचून, भागत नाही.

बाजूंचा आकार तपासताना पाण्याच्या नेहमीच्या रेषेवर कयाकची रुंदी मोजावी आणि मग त्याच्या 10 सेंटीमीटर वर पुन्हा मोजावी. भरलेली कयाक खोल बसते, म्हणजे तिची स्थिरता या वरच्या रुंदीवर ठरते. बाजू वर रुंदावत असतील तर खोल बसताना गमावलेल्या स्थिरतेचा काही भाग परत मिळतो. वर आत वळत असतील तर तोटा दुहेरी होतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात एकच कमाल रुंदी छापलेली असते आणि त्यावरून हे कळत नाही, म्हणून मोजपट्टी लावण्याचा कंटाळा करू नये.

तळाचा आतला आकारही पाहावा. सपाट तळावर थोडेसे पाणीही लगेच पूर्ण रुंदीत पसरते. व्ही आकाराच्या तळात ते आधी मधल्या अरुंद खोबणीत साचते आणि पातळी वर येईपर्यंत त्याचा पृष्ठभाग अरुंद राहतो.

पडताळणी: कयाक वर बसून चालवण्याच्या प्रकारची असेल तर तिला कॉकपिट नसते आणि वर आलेले पाणी छिद्रांतून आपोआप निघून जाते. पण तिच्या पोकळ पोटात पाणी शिरले तर ते बाहेरून दिसत नाही आणि बहुधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळे फिरते. अशा कयाकचा निचऱ्याचा बूच, छिद्रांच्या कडा आणि तळाचे जोड हेच तपासणीचे मुख्य विषय आहेत.

## टप्पा 2: बल्कहेडची गळती तपासा

कयाक गवतावर किंवा जुन्या टायरवर अशी ठेवावी की कॉकपिटखालच्या तळाला पूर्ण आधार मिळेल. पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत बल्कहेडच्या पायथ्याशी खडूची पूड भुरभुरावी, हॅच, म्हणजे कप्प्यांची वरची झाकणे, उघडीच ठेवावीत आणि कॉकपिटमध्ये बादलीने मोजून आसनाच्या पातळीपर्यंत पाणी भरावे. अर्ध्या तासाने टॉर्च लावून कप्प्यांत पाहावे. पूड ओली झालेली दिसली तर ओघळाची सुरुवात कुठून झाली ते शोधून खूण करावी.

गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत: बल्कहेड आणि बाजूची भिंत यांचा जोड, पायांच्या टेकूच्या पट्टीचे बोल्ट, आणि मागे खालीवर होणारे सुकाणू किंवा पाते असेल तर त्याच्या दोरीची नळी. बल्कहेडमध्ये सुईच्या टोकाएवढे छिद्र आढळले तर घाईने बुजवू नये. उन्हात कप्प्यातील हवा प्रसरण पावून जोड उसवू नयेत म्हणून ते अनेकदा मुद्दाम ठेवलेले असते.

सावधान: भरलेली कयाक टोकांना धरून कधीही उचलू नये. 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो वजन, आणि ते सगळे मधल्या भागावर येते. फायबरची कयाक कॉकपिटच्या काठापाशी तडकते आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. आधी पाणी उपसावे, उरलेले स्पंजने टिपावे, मगच कयाक हलवावी.

दुरुस्तीत हमखास होणारी चूक म्हणजे पॉलिइथिलीनच्या कयाकवर एम-सील किंवा साधा गोंद लावणे. पॉलिइथिलीनला हे पदार्थ नीट चिकटत नाहीत. एक-दोनदा वापरल्यावर संपूर्ण थर पापुद्र्यासारखा सुटून येतो. अशा कयाकसाठी प्लास्टिक वेल्डिंग करून घ्यावे. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे कारागीर हे काम जाणतात. फायबरच्या कयाकमध्ये मात्र जोड घासून, कोरडा करून त्यावर रेझिन आणि काचकापडाचा पट्टा बसवता येतो.

पडताळणी: दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करावी. दोन्ही कप्पे कोरडे राहिल्याशिवाय कयाक पाण्यात नेऊ नये.

## टप्पा 3: टोकांमध्ये हवा बंदिस्त करा

ज्या टोकात बल्कहेड नाही तिथे हवेची पिशवी किंवा फोमचा ठोकळा बसवावा. प्रत्येक लिटर हवा तिथून एक लिटर पाणी हद्दपार करते, म्हणून पिशवी टोकाच्या आकाराला भरून काढणारी असावी आणि दोरीने किंवा पट्ट्यांनी जखडलेली असावी. नुसती कोंबून ठेवलेली पिशवी कयाक उलटताच बाहेर निसटते. फोम घ्यायचा तर बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, घ्यावा. पॅकिंगसाठी वापरला जाणारा ईपीई फोम रविवार पेठेतील बाजारात चौकशी करून मिळवता येईल. गादीचा स्पंज पाणी शोषतो, आणि थर्माकोलचे कण सुटून जलाशयात पसरतात. दोन्ही टाळावेत.

पिशवी सकाळी काठावर उन्हात फुगवली तर पाण्यात उतरल्यावर आतली हवा थंड होऊन ती सैल पडते. उलट, पूर्ण फुगवलेली पिशवी असलेली कयाक एप्रिलच्या उन्हात गाडीच्या टपावर ठेवली तर पिशवीचे जोड फाटू शकतात. म्हणून पिशवी पाण्यात उतरल्यावर पुन्हा एकदा घट्ट करावी आणि बाहेर काढल्यावर सैल करावी.

## टप्पा 4: उलटल्यावर प्रत्यक्षात किती पाणी आत येते ते मोजा

कमरेइतक्या पाण्यात उभे राहून रिकामी कयाक पालथी करावी. पालथ्या कॉकपिटमध्ये हवा अडकलेली असते. एका मदतनीसाने कॉकपिटची एक कड किंचित वर उचलून हवा आत येऊ द्यावी आणि त्याच झटक्यात कयाक सरळ करावी. आता आतले पाणी बादलीने मोजून उपसावे. मग तीच कृती मुद्दाम सावकाश, कयाक कुशीवर रेंगाळू देत करावी आणि पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. त्यांतील फरक पाहिला की कयाक झटक्यात सरळ करण्याचा सराव का करावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच वेळी भरलेली कयाक माणसाविना कशी तरंगते तेही पाहावे. दोन्ही टोके सारखी वर असावीत. एक टोक बुडत असेल तर टप्पा 3 कडे परत जावे.

## टप्पा 5: बांधलेले पाणी आणि मोकळे पाणी यांची तुलना करा

ही चाचणी मांडीइतक्या पाण्यात, वारा नसताना करावी. वल्हवणाऱ्याने स्प्रे स्कर्ट न लावता आत बसावे, हात मांडीवर ठेवावेत आणि कमरेने तोल सावरू नये. मोबाइल पिशवीसकट कयाकच्या वरच्या पृष्ठभागावर आडवा चिकटवावा. एका मदतनीसाने काट्याचा हुक कॉकपिटच्या बाजूच्या दोरीत अडकवून सरळ खाली ओढावे आणि कयाक 10 अंश कलली की काट्यावरचा आकडा वाचावा. दुसऱ्याने समोरच्या बाजूला उभे राहून उलटण्यापासून सावरण्याच्या तयारीत असावे.

मोजणी पुढील क्रमाने करावी:

1. कयाक पूर्ण कोरडी.
2. 5 लिटरचे चार भरलेले कॅन तळाशी घट्ट बांधून, म्हणजे 20 लिटर बांधलेले पाणी.
3. कॅन काढून तेच 20 लिटर तळावर मोकळे ओतून.
4. मोकळे पाणी 40 लिटर, मग 60 लिटर.
5. टप्पा 4 मध्ये मोजलेले, उलटल्यावर आत येणारे पूर्ण पाणी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीत वजन सारखेच असते, तरी 10 अंश कलवायला लागणारा जोर तिसऱ्या मोजणीत स्पष्टपणे कमी भरतो. 1 मीटर लांब आणि 50 सेंटीमीटर रुंद सपाट तळावर 20 लिटर पाण्याची खोली फक्त 4 सेंटीमीटर होते. तेवढे पाणी सुमारे 9 अंशांच्या कलापर्यंत पूर्ण रुंदीत पसरून राहते आणि त्यापुढे खालच्या कडेला गोळा होते. तळाशी ‘थोडेसेच’ उरलेले पाणी बिनधोक मानून वल्हवायला लागणारे नेमके याच वेळी पुन्हा उलटतात.

सावधान: एखाद्या मोजणीत काट्याचा जोर न लावताच कयाक एका बाजूला पडून राहत असेल, तर सुरुवातीची स्थिरता संपली आहे असे समजून पुढच्या मोजण्या थांबवाव्यात आणि टप्पा 6 कडे वळावे.

पडताळणी: शेवटच्या मोजणीत कॉकपिटच्या काठाचा सर्वांत खालचा भाग बाहेरच्या पाण्यापासून किती उंच आहे, तेही मोजावे. तो पाण्याला टेकत असेल तर हातपंपाने उपसणे व्यर्थ आहे, कारण जितके बाहेर जाईल तितके लाटांबरोबर परत येईल.

## टप्पा 6: बदल करा, पण एका वेळी एकच

टोके बंदिस्त झाल्यानंतर कॉकपिटमधील रिकामी जागा कमी करावी. पायांच्या टेकूच्या पुढे आणि आसनाच्या मागे फोमचे ठोकळे बसवावेत. त्यामुळे आत मावणारे पाणी आणि त्याची लांबी दोन्ही घटतात. त्यानंतर मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला, भिंतींना लागून फोमच्या पट्ट्या लावाव्यात. हा बदल स्वस्त असूनही सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. आतील पाण्याची रुंदी कमी होते आणि सूत्रात रुंदीचा घन असल्याने थोड्या फोमचा लाभ मोठा मिळतो. शिवाय कयाक कलली की खालच्या बाजूचा फोम तिला वर ढकलतो. घडीच्या काही कयाकमध्ये दोन्ही बाजूंना हवेच्या लांब नळ्या असतात, त्या हेच काम करतात.

पायांच्या मधून जाणारा उभा फोमचा खांब बसवता आला तर पाणी दोन भागांत विभागले जाते. मात्र तो वरपासून खालपर्यंत टेकलेला हवा. खालून फट राहिली तर पाणी त्यातून पलीकडे जाते आणि विभागणीचा लाभ बराचसा हातचा जातो.

आसनाखालची पोकळी भरणे योग्य आहे, परंतु आसन वर उचलणे योग्य नाही. गुडघे आखडतात म्हणून 3 सेंटीमीटरची गादी घालणारे बरेच जण असतात. शरीराचे वजन एकूण वजनाचा मोठा हिस्सा असल्यामुळे गुरुत्वमध्यही बराच वर जातो आणि फोम लावून कमावलेले सेंटीमीटर तिथेच खर्ची पडतात.

सावधान: प्रत्येक बदलानंतर कमरेइतक्या पाण्यात, मदतनीस शेजारी असताना, कयाक उलटवून डोळे मिटून बाहेर पडून पाहावे. फोममध्ये गुडघा, बूट किंवा पट्टा किंचितही अडकत असेल तर तो भाग कापून टाकावा. स्थिरता कितीही वाढली तरी पाय अडकवणारी कयाक वापरण्याजोगी नाही.

पडताळणी: टप्पा 5 मधील तिसरी आणि पाचवी मोजणी पुन्हा करावी. दोन बदल एकदम केले तर कोणता उपयोगी ठरला हे कळत नाही.

## टप्पा 7: खोल पाण्यात, रिकामी करण्याचा क्रम पक्का करा

आता सोबत दुसरी कयाक घेऊन काठापासून जवळच्या खोल पाण्यात जावे. दोन कयाक असताना आधी रिकामी करावी, मग चढावे. मदतीच्या कयाकवर पालथ्या कयाकचे पुढचे टोक ओढून घ्यावे, पाणी निथळू द्यावे, ती सरळ करून शेजारी लावावी आणि दोन्ही कयाक घट्ट धरून ठेवलेल्या असतानाच आत शिरावे. मागचा बल्कहेड आसनालगत असेल तर जवळपास सगळे पाणी निघून जाते. किती उरले ते बादलीने मोजावे.

एकट्याने चढायचे असेल तर क्रम उलटा होतो: भरलेल्या कयाकमध्ये आधी चढावे लागते आणि पाणी नंतर उपसावे लागते. त्या वेळी वल्ह्याच्या पात्यावर फुगवलेली पिशवी चढवून वल्हे बाजूला आडवे रोवावे आणि चढून झाल्यावरही ते काढण्याची घाई करू नये. स्प्रे स्कर्ट लावून त्याच्या कडेतून पंप आत सारावा, कारण उघड्या कॉकपिटमध्ये नवी लाट येत राहते. पाण्याची पातळी आसनाच्या खाली गेल्यावर थांबू नये. टप्पा 5 मधील 20 लिटरचा आकडा आठवावा आणि पंप हवा ओढू लागेपर्यंत उपसत राहावे, तोवर वल्ह्याचा आधार जागेवरच असावा.

भरलेल्या कयाकवर पाचवी मोजणी समाधानकारक न आल्यास, किंवा एकट्याने चढण्याचा हा क्रम उथळ पाण्यात सलग जमत नसल्यास, ती कयाक काठापासून पोहून येता येईल इतक्या अंतरातच आणि सोबत दुसरी कयाक असतानाच वापरावी.